एका पायावरचं आंदोलन

केदारखेडा.
(तारीख मुद्दाम घालत नाही. घातली की किती उशिरा लिहिलं ते मोजत बसशील.)

प्रिय मित्र रामप्रसाद,

साहेबरावाचा सप्रेम जय भीम. तुझा राम राम मी माझ्याच हाताने घेऊन टाकला आहे, कारण तू फोनच उचलत नाहीस, तर तो येणार कुठून? तुझी प्रकृती कशी आहे, चाकणचं पाणी मानवलं का, वर्षाराणी, जावईबापू, नातवंडं सगळी खुशाल आहेत ना? लेकीच्या घरी चौथ्या मजल्यावर राहतोस आणि खाली म्हणून उतरत नाहीस असं कळलं. इकडे सर्व ठीक आहे. इंद्रायणीवहिनी मजेत आहेत. तुझा पत्ता त्यांनीच दिला. काही निरोप द्यायचा का, असं विचारलं तर बादली खाली न ठेवताच म्हणाल्या, "त्यायला म्हणा, शेळ्या ईचारून राह्यल्या. मी न्हाई."

आता मूळ प्रकरणाकडे येतो. साठीच्या आसपासच्या गड्यांचा कबड्डीचा सामना हसनाबादला भरवावा, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला स्वतःचे गुडघे नसावेत. (हसू आलं असेल तर हस, मी काही बघत नाही.) हसनाबादकरांकडे एक गडी कमी पडला म्हणून तू उसना त्या बाजूला गेलास. शाळेपासून माझ्या शेजारी उभा राहून पकड करणारा माणूस समोरून माझा घोटा धरायला आला, आणि धरलासही. पकड चांगली होती, ते मी तिथेही नाकारलं नव्हतं. मी मध्यरेषेकडे झेप घेतली, उजवा पाय आत दुमडला आणि कट्ट असा आवाज झाला. माझा हात रेषेला लागला होता की नाही, हा विषय मी या पत्रात काढणार नाही. लागला होता.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुझ्या बाजूने माहीत आहे, म्हणून माझ्या बाजूने लिहितो. तू पायाळू. जन्मताना डोक्याऐवजी पाय पुढे केलेस आणि तेव्हापासून पंचक्रोशीत कुणाच्या कंबरेत उसण भरली की तो तुझ्यापुढे पाठ करून उभा राहतो, तू एक लाथ हाणतोस आणि तो बरा झालो म्हणत घरी जातो. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. तुझ्या लाथेवर मी तुला ओट्यावर बसून हजारदा चिडवलं आणि तू हजारदा हसलास. पण त्या दिवशी मैदानावर लोक ओरडायला लागले, "रामप्रसादभाऊ, लाथ द्या, लाथ द्या मास्तरला!" तू उजवा पाय पोटरीवर घासून त्याची माती पुसलीस आणि पुढे आलास. आणि मी दोन गावांच्या देखत ओरडलो की पाय लांब ठेव, तुझी अंधश्रद्धा माझ्या घोट्यावर नको. तू पाय मागे घेतलास. दुसऱ्या दिवशी कळलं, तू सकाळच्या गाडीने चाकणला गेलास.

माझ्या घोट्याचं म्हणशील तर तो विज्ञानाच्या कामी आला. आमची संध्या संभाजीनगरला फिजिओथेरपीचं पुढचं शिक्षण घेते हे तुला ठाऊकच आहे. तिचं संशोधन नेमकं खेळाडूंच्या मुरगळलेल्या घोट्यांवर आहे. बाप लंगडत दारात उभा राहिल्यावर कोणत्याही लेकीचा चेहरा उतरतो, हिचा उजळला. एक्सरे काढला. हाड शाबूत, आतली बांधणी ताणली गेलेली. मग चिठ्ठ्या टाकून मला गट दिला. एका गटाने पट्टी बांधून आराम करायचा, दुसऱ्याने पट्टी बांधून व्यायाम करायचा, आणि शेवटी कोणाचा पाय जास्त टिकतो ते बघायचं. मी मनातून आरामाच्या गटासाठी तयारी करून बसलो होतो (आमच्या सौ. उषाबाईने उशीसुद्धा काढून ठेवली होती), पण चिठ्ठी व्यायामाची निघाली.

व्यायाम कसला, तर एका पायावर उभं राहायचं. तिचं म्हणणं असं की पाय मुरगळला की सूज उतरते, दुखणं थांबतं, माणसाला वाटतं झालं बरं. पण घोट्याला आपण कुठे आणि कसे उभे आहोत ते कळेनासं झालेलं असतं, म्हणून तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. ते कळणं त्याला परत शिकवावं लागतं. सूज उतरल्यावर आधी डोळे उघडे ठेवून उभं राहायचं आणि जमायला लागलं की डोळे मिटून. घरात करायला गेलो तर पहिल्याच दिवशी उषाबाईच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर आडवा झालो. त्या दिवसापासून मला घराबाहेर काढण्यात आलं. मी ग्रामपंचायतीसमोरची सपाट जागा निवडली. इथेच माझं चुकलं.

आपल्या जिल्ह्यात आजकाल माणूस एका जागी जरा जास्त वेळ थांबला की लोक आंदोलन समजून सतरंजी आणतात, हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. मी डोळे मिटून उभा. कानावर कुजबुज येत होती, पण डोळे उघडले तर तोल जाईल म्हणून तसाच राहिलो. शेवटी उघडले तेव्हा समोर सतरंजी होती, सतरंजीवर अर्धं गाव होतं आणि राधेश्याम (तोच आपला मंडपवाला) माझ्या डोक्यावर मांडवाचं कापड बांधत होता. मी पाय खाली टेकणार, तोच तो खेकसला, "मास्तर, पाय टेकू नका, आंदोलन मोडंल! बायका भाकरी टाकून आल्यात तुमच्यासाठी." मग काय करता. खांबाचा आधार घेतला आणि उभा राहिलो.

राधेश्यामने माइक हातात दिला. म्हटलं, ही गैरसमजूत दूर करू. मी सगळ्यांना सांगितलं की बंधूंनो, वरवर सगळं ठीक दिसतं पण आतली बांधणी ताणलेली आहे. टाळ्या. मी म्हणालो, आपण कुठे उभे आहोत हेच आपल्याला कळेनासं झालंय. जोरात टाळ्या. तोल परत मिळवायला धीर लागतो, असं म्हणालो तेव्हा मागून घोषणा सुरू झाली. इतकी वर्षं वर्गात जीव तोडून शिकवलं, पण इतकं मन लावून माझं कोणीच ऐकलं नव्हतं. तेव्हा गैरसमजूत दूर करायचा बेत मी थोडा पुढे ढकलला, हे तुझ्यापासून लपवत नाही.

मग मागण्या काढायची वेळ आली आणि गावाची नेहमीची तऱ्हा सुरू झाली. वरच्या आळीला विजेची डीपी पाहिजे, खालच्या आळीला आधी रस्ता पाहिजे, कोणाला बसचा थांबा आपल्या दुकानासमोर पाहिजे. भांडण हातघाईवर येणार, इतक्यात कांताबाई उठली. म्हणजे अर्धीच उठली, कारण तू गेल्यापासून तिची कंबर सरळ होत नाही. म्हणाली, "रस्ता व्हईल तव्हा व्हईल. मंग बघू. आधी रामप्रसादला आणा. माझी कंबर कव्हाची धरून राह्यली, कोण मारनार लाथ? तुम्ही?" मग वरच्या आळीतून कोणीतरी बराबर म्हणालं, खालच्या आळीतून कोणीतरी बिलकुल बराबर म्हणालं, आणि ज्यांच्या ज्यांच्या कंबरेत काही होतं ते हात वर करायला लागले. आपल्या गावात इतक्या कंबरा धरलेल्या आहेत याची मला कल्पना नव्हती. निवेदनात शेवटी एकच मागणी राहिली: श्री. रामप्रसाद यांस तातडीने गावी परत आणण्यात यावे. खाली पहिली सही माझी, कारण आंदोलन माझं होतं.

भोकरदनहून नायब तहसीलदार आले. भला माणूस. चहा घेतला, निवेदन वाचलं, उलटून मागे काही आहे का ते पाहिलं, पुन्हा वाचलं. म्हणाले, एखाद्या व्यक्तीला लेकीच्या घरून परत आणण्याचे अधिकार शासनाला नाहीत, आंदोलकांनी स्वतः पत्र लिहून विनंती करावी. एवढं बोलून त्यांनी मला लिंबूपाणी पाजलं (मी भरपेट न्याहारी करून उभा होतो, पण रीत ती रीत), लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी पाय टेकला. गाडीत बसताना साहेबांनी मला बाजूला घेतलं आणि स्वतःच्या कंबरेवर हात ठेवून हळूच सांगितलं, "ते आले की मला एक फोन करा, मास्तर." संध्याला मात्र हे काही आवडलं नाही. ठरलेल्यापेक्षा जास्त वेळ उभं राहिलात तर माझ्या आकड्यांचं काय करू, असं फोनवर बराच वेळ ऐकवलं.

तर हे पत्र म्हणजे शासनाच्या सूचनेवरून केलेली विनंती आहे असं समज. गावाला तुझी गरज आहे. कांताबाई रोज येऊन विचारते, पोस्टात टाकलं का. मी स्वतः लाथेवर विश्वास ठेवत नाही आणि या वयात ठेवणारही नाही, पण मी गावाचं म्हणणं तुझ्यापर्यंत पोचवतो आहे. संध्याकाळी ओट्यावर बसतो तर शेजारची जागा रिकामी असते. कोणी बसायला लागलं तर मी त्याला काहीतरी कारण सांगून उठवतो. मला करमत नाही, रामप्रसाद. हे निवेदनात नव्हतं, माझ्याकडून घातलं आहे.

वर्षाराणीला आणि जावईबापूंना आशीर्वाद, लहानग्यांना पापे.

तुझा,
साहेबराव

ता. क. : पत्र बंद करायचं राहिलं होतं, तेवढ्यात संध्या शेवटची तपासणी करायला येऊन गेली. घोटा पक्का झाला आहे. डोळे मिटून एका पायावर इतका वेळ उभा राहिलो की शेवटी तीच कंटाळली. मध्यंतरी दुसरा कुठला उपचार घेतला का, असं तिने विचारलं. मी नाही म्हणालो आणि ते खरं आहे. म्हणजे तिचं काम झालं. आता माझ्या पायाला कोणी हात लावो की पाय लावो, तिची हरकत नाही.

आणखी ता. क. : तेव्हा तू ये आणि मला लाथ मार. हसनाबादच्या त्याच मैदानावर, त्याच दोन गावांच्या समोर. लोक जमवायचं काम राधेश्यामकडे देतो. तुझ्या लाथेने काही होत नाही हे माझं मत कायम आहे आणि माइकवर विचारलं तर मी तेच सांगीन. पण तू माती पुसून पुढे केलेला पाय तसाच मागे घेऊन गेलास, ते मला अजून सोसत नाही.

शेवटचा ता. क. : लाथ डाव्या घोट्याला मार. उजवा चांगला बरा झाला आहे.