भारद्वाज आमच्याच हद्दीत दिसला पाहिजे

सोमवार, ३ फेब्रुवारी

पार्सल आले. दुर्बीण, एका डोळ्याची, १. सोबत दोरी, पुसायचे फडके, रेक्झिनची पिशवी. एकूण ८४९, घरपोच. दोन डोळ्यांची बावीसशेला होती. एवीतेवी नीट बघायचे तर माणूस एक डोळा मिटतोच. मिटलेल्या डोळ्याचे पैसे कशाला द्या.

कारण लिहून ठेवते. कवठे येमाईच्या रंगुबाईंनी त्यांच्या पृथ्वीराजसाठी आमच्या अंकिताला मागणी घातली आहे. मुलगा निर्व्यसनी. अंकिताला पसंत आहे, फोन हातातून सुटत नाही त्यावरून कळते. रविवारी उत्तर घ्यायला येतील, नाहीतर दुसरीकडे बघतील. मी घरात सांगून टाकले की भारद्वाजाचे दर्शन झाल्याशिवाय होकार नाही, आणि तोवर पाहुण्यांनी आमचा उंबरा चढायचा नाही. माझ्या वेळी आईने भारद्वाज पाहूनच होकार दिला होता. हे म्हणाले, त्या पक्ष्याला मी अजून शोधतोय. आणि कुरकुंभला शिफ्टला निघून गेले.

मंगळवार, ४ फेब्रुवारी, सकाळी ७

गच्चीवर. दुर्बीण लावली तर सगळे लांबच गेले. विहीर काडेपेटीएवढी. माल खोटा निघाला म्हणून परत पाठवणार, तर हे खालून ओरडले, अगं उलटी धरलीस. मी सांगितले, आधी लांबचे बघायचे, मग जवळचे, अशी पद्धत असते. सोबतच्या कागदावर सगळे लिहिले आहे. इंग्रजीत आहे म्हणून काय झाले.

दुपारी सरळ धरून: बगळे ४, साळुंक्या ७, कावळे मोजले नाहीत. एका कावळ्याचे पंख तांबूस वाटले. तो उन्हातून सावलीत गेला आणि कावळाच निघाला.

बुधवार, ५ फेब्रुवारी

शेजारचे घर करुणाचे. माझी धाकटी जाऊ. मधे फक्त मेंदीचे कुंपण. ती म्हणाली, ताई, भारद्वाज व्हय, त्यो कवा कवा माझ्या भिंतीवर बसतोय की, चहाला या आन् बघा. दुर्बिणीकडे बघून पदराआड हसली.

हिच्या भिंतीवरचा पक्षी हिचा. त्याचे दर्शन मी घेतले तर शुभ हिच्या घरात जमा होणार, माझी मुलगी राहणार तशीच. हद्दीचा प्रश्न आहे. दहावीला दोनदा बसलेल्या बाईला तो कळायचा नाही. मी पहिल्या झटक्यात पास, ५२ टक्के. आणि नुसत्या डोळ्यांनी काय, कोणीही बघतो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

कुंपण आड येते म्हणून छाटले, गुडघ्याएवढे ठेवले. माणूस चारशे मागत होता. मीच कोयता चालवला. हाताला फोड आले, पण आता नजर थेट रस्त्यापर्यंत जाते. पक्ष्याला लपायला जागा उरली नाही.

अंकिता दौंडच्या लॅबमधून आली आणि कुंपणाकडे बघत उभीच राहिली. म्हणाली, आई, तो ह्याच कुंपणात राहायचा. रोज संध्याकाळी खाली चालत फिरायचा. आधी का नाही सांगितलेस, विचारले. म्हणे, तू बोलू कुठं देतेस, तोंड उघडलं की हात करून गप्प करतेस. बी.एस्सी. झाली म्हणजे आईला शिकवायचे. राहत असेल तर येईल परत. आपले घर कोणी सोडत नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आला नाही. वांगी करपली. डोळ्याभोवती काळे कडे उमटले आहे, घासून जात नाही. हे म्हणाले, होकार दे आणि मोकळी हो. ह्यांनी आयुष्यात एक संकल्प पाळला नाही, सल्ला मात्र तयार.

शनिवार, ८ फेब्रुवारी, एकादशी

निर्जळ करणार होते, पण गच्चीवर ऊन लागते. म्हणून साबुदाणा, रताळे, दोन केळी, राजगिऱ्याचे लाडू तीन. विष्णुसहस्रनाम वरच म्हटले. दुर्बिणीपायी दोनदा ओळ चुकली.

अंकिताने विचारले, उद्या दिसला नाही तर? डोळे लाल होते. लॅबमधल्या औषधांनी होतात. संध्याकाळी ती आणि हे करुणाकडे साखर आणायला गेले, दीड तास बसले. साखर घरात डबाभर आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळी ९.४०. सहापासून वर. अंकिताने खालून तीन हाका मारल्या. हात करून गप्प केले. मग हे वर आले. म्हणाले, शेवटचं विचारतो, येतेस का खाली? दर्शनाशिवाय उतरणार नाही, म्हटले. बरं म्हणाले. एवढ्या वर्षांनी समजूत आली.

९.५५. दिसला. तांबडे पंख, काळी शेपूट, लाल डोळा. करुणाच्या भिंतीवर. दर्शन घेतले नाही, नुसती नजर ठेवली आहे. इकडे आला की घेईन.

१०.२०. तिथेच. मागे करुणाच्या अंगणात पाहुणे, एक जीप. फोकस पक्ष्यावर असल्याने माणसे पुसट. कोणी मुलगी ट्रे घेऊन आली, सगळ्यांच्या पाया पडली. साडी थेट माझ्या मोरपंखी साडीसारखी. करुणाला माझी नक्कल करायची खोड जुनीच. मुलगी मात्र वळणाची. आईने मेहनत घेतलेली लांबूनही दिसते. आमच्या अंकिताने बघायला हवी होती.

१०.४५. सगळे फोटोला उभे राहिले, गलका केला, पक्षी उडाला. ह्या बाईला शांतपणे काही करता येत नाही.

रंगुबाई आल्याच नाहीत. लोकांना शब्दाची किंमत नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

माझी मोरपंखी साडी दोरीवर वाळत आहे. पदराला कुंकू.

अंकिता म्हणाली, ठरलं, आई. तू उंबरा चढू देईनास, म्हणून बाबांनी पाहुणे काकूकडं बसवले. तुझ्या जागेवर काकू बसली. हे म्हणाले, तू तासभर आमच्याकडंच दुर्बीण लावून होतीस, आम्हाला वाटलं बघतेयस. रंगुबाईंनी तर तुला हातही केला.

साखरपुड्याची तारीख काढली आहे. ती ऐकायच्या आत मी स्वयंपाकघरात निघून गेले. आता घरात विचारणार नाही. करुणाला तर नाहीच. रंगुबाईंचा नंबर अंकिताच्या फोनमध्ये, तोही मागणार नाही. एक पोस्टकार्ड पडून होते. मजकूर आधी इथे लिहून बघते.

सौ. रंगुबाई यांस, मु. पो. कवठे येमाई, ता. शिरूर. स. न. वि. वि. रविवारी मी तुम्हा सर्वांना गच्चीवरून व्यवस्थित पाहिले. आमचा होकार आहे. तरी साखरपुडा किती तारखेला आहे, आणि मुलीच्या आईने किती वाजता यायचे, हे उलट टपाली कळवावे.