अक्काकडं दिलेली बाटली

संतपूर, मंगळवार, १९ मार्च १९७४

उदासीवरच्या गोळ्या सुरू करून आठ दिवस झाले. तोंड असं वाळायलंय की आज वर्गात कविता म्हणताना जीभ टाळूलाच चिकटली. मन मात्र जिथल्या तिथं. डॉक्टर म्हणाले होते, गुण यायला तीन आठवडे लागतील. माझी थोरली बहीण अक्का रोज भांडायलीय, "असलं औषध कामून खायलीस?" भांडू दे. मी सोडणार न्हाई.

पण एकदम जास्त घेतल्या तर काळीज बंद पडतं, हेही डॉक्टरांनीच बजावलंय. आणि दुपारी मी बाटलीतल्या गोळ्या दोनदा मोजल्या. कामून मोजल्या?

संध्याकाळी बाटली अक्काच्या हातात दिली. "रोज एकच दे. मी मागितली तरी दुसरी देऊ नको."

तिनं बाटली कमरेला खोचली. कामून म्हणून विचारलं न्हाई.