पुढचं अक्षर लागत नाही

बाबा, काल आपल्या गावच्या वाचनालयात कार्यक्रम होता. लॉकडाऊनमध्ये वाचनालय बंद झालं तेव्हा सभासदांनी मोबाईलवर ग्रुप काढून रोज एकमेकांना कविता, लेख पाठवले होते. त्यांचं आता पुस्तक निघणार आहे, म्हणून ज्याने त्याने आपापलं वाचायचं ठरलं. तुमचं वाचायला मला बोलावलं. तुम्हाला जाऊन पाच वर्षं होऊन गेली. मी लिहिणारी नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण काल जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

त्या उन्हाळ्यात तुम्ही रोज सकाळी पडवीत बसून वहीत एक पान लिहायचात आणि संध्याकाळी मी ते मोबाईलवर उतरवायचे. तुम्हाला मोबाईलवर वाचता यायचं, पण टाईप करायला गेलात की एका बोटाखाली तीन अक्षरं यायची. ग्रुपवर बाकीचे पक्ष्यांवर लिहीत होते, स्वच्छ हवेवर लिहीत होते. तुम्ही लिहायचात ते पडवीतून दिसेल तेवढंच. गाठोडी डोक्यावर घेऊन बायपासकडे चाललेली माणसं, आणि त्यातल्या एकाने पाणी मागून तांब्या लांब जमिनीवर ठेवला ते. नारपोलीच्या एका यंत्रमागवाल्याने ग्रुपवर हिंदीत आवाज पाठवला होता, "लूम बंद है मास्टरजी, मगर कान में खटखट चालू है." तुम्ही तो दोनदा ऐकलात आणि म्हणालात, "ह्यो खरा लिवणारा हाय गो. बाकी आपले शुद्धलेखनवाले." आई गेल्यानंतर तुम्ही घरात हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

मी कामाला होते ते राहनाळचं गोडाऊन औषधांचं, त्यामुळे ते चालू होतं आणि मला पास मिळाला होता. तुमची पेन्शन होती. मी गेले नसते तरी आपलं चाललं असतं. पण आपण दोघं समोरासमोर बसलो की बोलायला काही नसायचं, आणि तिथे निदान माणसं होती. संध्याकाळी मी परत आले की मागच्या मोरीत अंघोळ करायची, कपडे बादलीत बुडवायचे, मग घरात. मी फाटकातून आत आले की तुम्ही पडवीतून उठून आत जायचात. मला वाटायचं, बातम्यांची वेळ झाली.

मग एके दिवशी त्याच्यावरच पान होतं. मी टाईप करत करत खाली आले. "लेक कामावरून आली की मी पडवीतून आत जातो. तिला वाटते, मी बातम्या लावायला जातो. मला तिची भीती वाटते. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या मुलांना हे करू नका, ते करू नका म्हणून सांगितले. स्वतःच्या मुलीला 'उद्या जाऊ नकोस' एवढे मला सांगता येत नाही." एवढं वाचून मी मान वर केली. तुम्ही आत होतात, टीव्हीचा आवाज येत होता. मग मी 'पडवीतून आत जातो' इथे पूर्णविराम दिला आणि पाठवून टाकलं.

तुम्ही चहा घेताना ग्रुप बघितलात. "शेवटचा न्हाय आला गो," म्हणालात.

"लांब होत होतं, बाबा. एवढं कुणी वाचत नाही."

तुम्ही चष्मा काढून पुसलात. "बरं," म्हणालात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही चपला घालून माझ्याबरोबर रिक्षापर्यंत आलात. तसं कधी येत नव्हतात. रिक्षा सुरू झाली तेव्हा "सांभालून गो" म्हणालात, आणि मी हात केला. आठ-दहा दिवसांनी मला ताप आला. दोन दिवस गोळी घेऊन ड्युटी केली, कुणाला बोलले नाही. माझा ताप उतरला तोवर तुमचा चढला होता. पुढचं तुम्हाला माहीत आहे, आणि त्याच्याही पुढचं मला लांबून, स्मशानात बांधलेल्या दोरीच्या अलीकडून बघायला लागलं.

काल वाचनालयाचे चिटणीस म्हणाले, "मोबाईलवरचं नको ताई, गुरुजींच्या वहीतलंच वाचा. त्यांचा हात लागलेली वही आहे." मी कुठलंही पान काढू शकले असते. वही त्याच पानावर उघडते, मी ती तशी उघडत आलेय. वाचत 'पडवीतून आत जातो' इथपर्यंत आले आणि थांबले. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "पुढचं अक्षर लागत नाही."

बाबा, समोर बसलेल्यांतल्या अर्ध्यांना पाटीवर हात धरून तुम्ही लिहायला शिकवलं होतंत. शाळेचा फळा तुम्ही लिहिलेला असला की पुसायला जिवावर यायचं. मीही त्याच वर्गात होते. माझं अक्षर पाहून तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात, "वाचता येत न्हाय तर लिवलंस कशाला?" त्या माणसाचं अक्षर लागत नाही, असं मी त्यांच्यासमोर म्हटलं. पहिल्या ओळीतल्या एका म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "माझा चष्मा देव का बाय?" मी नको म्हटलं. कुणी हसलं नाही. चिटणीस खाली बघून म्हणाले, "बरं. ऱ्हाऊ दे."

त्यांनी पुस्तकात छापायला ते पान मागितलं आहे, तुमच्या अक्षरातच छापतील म्हणे. मी उद्या आणून देते म्हटलं. आज रविवार, ड्युटी नाही. पडवीत तुमच्या जागेवर बसले आहे आणि वही मांडीवर आहे. तुमचं अक्षर स्वच्छ आहे, बाबा. एकही शब्द अडत नाही. हे सगळं मी त्याच पानाच्या मागच्या बाजूपासून लिहीत आले आहे. आता ही वही कुणाला देता येणार नाही, आणि ते मला पेन हातात घेतानाच माहीत होतं.