वरचा पुढचा बाक

८ जाने. २००६, रवि.
ग्रामस्थ मंडळाची मीटिंग. गावच्या शाळेची सहल २१-२२ला, शनि-रवि. अठ्ठावीस पोरं. मुंबई दाखवायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे. एकतीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली, मला नाही सांगणार तर कोणाला! गेटवे, म्युझियम, राणीची बाग. चौपाटी गाळली, समुद्र पोरांच्या दारातच आहे. डबलडेकर मात्र हवीच.
झोपायची सोय दरसालप्रमाणे मंडळातल्या घरांत, दोन-दोन, तीन-तीन पोरं. सोबतचे मास्तर आयोजकाकडे, म्हणजे आमच्याकडे.

११ जाने., बुध.
हेडमास्तरांचं पत्र. मास्तर नाहीत, बाई येतायत. सु.
माझी मुलगी. जूनमध्ये बदली होऊन आपल्याच गावच्या शाळेत आली, म्हणून तर यंदा गणपतीला गेलो नाही. जन्मात पहिल्यांदा. सहा वर्षांपूर्वी जातीबाहेर लग्न केलं तेव्हा मीच म्हटलं होतं, या घरात परत पाऊल टाकायचं नाही. पोटच्या पोरीला.
हिला, सु.च्या आईला, पत्र दाखवलं नाही.

१३ जाने.
घरांची यादी केली. बाई: शिगवणांकडे, नवघर. एका दमात लिहून टाकलं. मग कागद वहीखाली सारला.

१५ जाने.
यादी हिच्या हाती लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "अक्षर तुमचंच आहे." कागद होता तिथे ठेवला आणि कुकर लावायला गेली.

१८ जाने.
नाही राहवलं. रिक्षा करून नवघरला. शिगवणवहिनींना म्हटलं, बाईंचं नाव खोडतो, आमच्याकडे राहतील. मान वर करवत नव्हती.
वहिनी म्हणाल्या, "भावोजी, काल तिचाच फोन आलेला. मी तुमच्याकडेच राहते म्हणाली. आप्पांना अवघड नको."
खाली रिक्षावाला विचारतोय, "अंकल, वेस्ट में किधर?" मला आमच्या बिल्डिंगचं नाव आठवेना.

२० जाने.
पोरं पोचली. सगळी घरोघरी गेली. आमच्याकडे तिघं, जेवून झोपलीसुद्धा. नवघर इथून रिक्षाने किती लांब? वीस मिनिटं.

२१ जाने., शनि.
सकाळी हिने माझ्या पिशवीत डबा ठेवला. तिळाच्या वड्या. कोणासाठी, तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
सु. गाडीपाशी उभी. बारीक झालीय. चष्मा लागलाय. मला बघून थांबली, मग मुलांना म्हणाली, "हे काका आपल्याला मुंबई दाखवणार. नमस्कार करा." अठ्ठावीस जणांनी केला. तिनेही केला, हात जोडून. मग दिवसभर "काका, आता कुठे?" "काका, मुलांना पाणी कुठे मिळेल?" दुसरं काही नाही. मी पोरांना गेटवेची माहिती सांगत होतो.
म्युझियमपासून डबलडेकर. पोरं वर पळाली. मी सवयीने खाली, दांडा धरून. सु. लहान असताना रविवारी माझ्याबरोबर ड्यूटीवर यायची. वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या बाकावर बसवायचो तिला. शेवटच्या स्टॉपला मी पण वर जायचो, गाडी परत सुटेपर्यंत शेजारी. माझी जागा धरून ठेवायची, कोणाला बसू द्यायची नाही. भांडायची.
दोन स्टॉप गेले आणि वेणीवाली एक मुलगी खाली आली. "काका, बाईंनी वर बोलवलंय. पुढच्या बाकावर तुमची जागा धरलीय."
जिना अर्धा चढलो. तिची पाठ दिसली. शेजारी पर्स ठेवून जागा अडवलेली. पाय पुढे टाकवेना. काय बोलणार होतो? तेवढ्यात कंडक्टरने आमचा स्टॉप पुकारला. सगळ्यात आधी मीच उतरलो. मग पोरं, शेवटी ती. बघितलं नाही माझ्याकडे. त्यानंतर "काका"सुद्धा नाही.

२२ जाने., रवि.
राणीच्या बागेत गेलो नाही. गुडघा दुखतोय म्हणून कळवलं. गुडघ्याला काहीएक झालेलं नाही.
दुपारी हिला पिशवीत डबा सापडला, भरलेला. मग सगळं सांगितलं, बाकासकट. हिने सहा वर्षांचं सगळं बाहेर काढलंन.
आता पाच वाजलेत. पोरांची गाडी सहाला नवघरहून सुटते. सुनंदा त्याच गाडीने. ही चपला घालून, डबा घेऊन दारात उभी आहे. "येताय का?" दोनदा विचारून झालं.
मी अजून लिहीत बसलोय.