विरजणाचं तिसरं घर

मंगळवार, संध्याकाळ

आज कॉलेजात दोनपैकी चालू सर्व्हरची वायर चाचणीसाठी मुद्दामच उपटली. दोन्ही सर्व्हरच्या डिस्क सॉफ्टवेअरने एकत्र बांधल्यात, एकावर लिहिलेलं लगेच दुसऱ्यावरही उतरतं. पण खरंच सावरेल? सावरलं! प्रवेशाचं काम दुसऱ्यावर आपोआप सुरू झालं.

तसाच भाटघरला आईकडे गेलो, तिला सगळं सांगितलं. म्हणाली, "त्यात काय नवं? माझं इरजण बिघडलं की म्या शेजारच्या कमळाकडनं आणते. तिच्याकडं माझंच असतंय की."

हसलो. मग पुन्हा तोच विषय काढला, चल ना भोरला माझ्याकडे, एकटी कशी राहतेस?

दुधात विरजण ढवळत ती म्हणाली, "आन् कमळाचं बिघडलं तर तिनं कुणाच्या दारात जायचं?"

दोनातला एक सर्व्हर घरी नेतो, असं कॉलेजात कुणी म्हणालं असतं तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं. आणि आईला मात्र मी न्यायला निघालो होतो! हे इतके दिवस कसं सुचलं नाही?

निघताना तिने वाटीत थोडं विरजण दिलं. आत्ता भोरच्या खोलीत दूध कोमट व्हायची वाट बघतोय.