चहा म्हणजे काय खाणं आहे?

ती. आईस,

वाकून नमस्कार. काळजी करू नकोस, मी ठणठणीत आहे. फक्त गेला महिनाभर जेवलं की मळमळतं. आधी वाटलं, कामावरच्या वह्यांच्या बायंडिंगच्या खळीचा वास बाधतोय. पण सुट्टीच्या दिवशीही तेच. डॉक्टरीणबाईंना पित्ताशयात खडे असल्याची शंका आहे.

आज सोनोग्राफीला उपाशीपोटी बोलावलं होतं. मी आपली कपभर दुधाचा चहा घेऊन गेले! चहाला खाणं कोण म्हणतं? तपासणाऱ्या बाई वैतागल्या, "दुधानं पित्ताची पिशवी आकसली. आता काय दिसणार, कपाळ? परवा या."

परवापर्यंत जीव टांगणीला. हे पत्रही खोलीत येरझाऱ्या घालत, मध्येच थांबून लिहितेय. बाबा गोळ्या वेळेवर घेतात ना?

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "आईला कधी असा त्रास?" मी ठामपणे नाही म्हणाले. रस्त्यात आठवलं. जेवणं झाली की तू उजव्या बरगडीखाली मूठ दाबून ओट्याला टेकायचीस. विचारलं तर म्हणायचीस, "काही नाही गं, गॅस झालाय."

आई, अजून टेकतेस का? खरं सांग. आणि तपासून घ्यायला जाशील तेव्हा चहा घेऊ नकोस.

तुझीच,
धाकटी