ठोंब्याचं वेळापत्रक

ती. ताईस साष्टांग नमस्कार. (कंबरेमुळे प्रत्यक्ष वाकता येत नाही, तेव्हा हा कागदावरचाच गोड मानून घे.) तुझा नवा गुडघा काय म्हणतो? लेक व्यायाम करून घेते ना? घेत नसेल तर कळव. भाचीला दोन शब्द सुनावण्याचा मामाचा हक्क अजून शाबूत आहे. आम्ही सगळे ठीक. ठोंब्याही ठीक आहे, पण त्याच्याविषयी जरा सविस्तर लिहायला हवं, कारण कुत्रा माझ्या गळ्यात बांधताना तू जी चिठ्ठी दिलीस तिच्यात एकच ओळ होती: त्याला हुंगू दे, ओढू नकोस. त्या एका ओळीने माझी काय दशा केली ते ऐक.

तुला माहीत आहेच, बसस्थानकाच्या कंट्रोल केबिनमध्ये बसून मी एकतीस वर्षं गाड्या आल्या-गेल्याच्या वेळा लिहिल्या. पहिल्या दिवशी साडेसहाला घड्याळ लावून निघालो. डॉक्टरांनी मला रोज चाळीस मिनिटं झपझप चालायला सांगितलंय. चाळीस मिनिटांत आम्ही इस्त्रीवाल्याच्या दुकानापर्यंत, म्हणजे आपल्यापासून चौथ्या दारापर्यंत पोहोचलो. विजेच्या खांबापाशी सहा मिनिटं, फुटक्या बादलीपाशी चार, आणि भिंतीच्या एका तुकड्यापाशी नऊ, जिथे काहीही नाही. (मी स्वतः वाकून खात्री केली. दूधवाल्याने पाहिलं. आता तो मला आधी नमस्कार करत नाही.) तिसऱ्या दिवशी मी चिठ्ठी गुंडाळून ठेवली आणि पट्टा ओढला. ठोंब्या चारी पाय पसरून बसला. इस्त्रीवाला बाहेर येऊन म्हणाला, “काका, कुत्रा ओढताय की कपाट?”

मग मी रीतसर वेळापत्रक केलं. सहा अधिकृत थांबे, प्रत्येकी दोन मिनिटं. फ्रिजवर चिकटवलं. बायकोने ते पूर्ण वाचलं आणि फ्रिज उघडून दूध काढलं, हे मला आवडलं नाही. ठोंब्याने एकही थांबा मानला नाही. मी थांबलो की तो निघायचा, मी निघालो की तो थांबायचा. अशा स्वभावाचे ड्रायव्हर मी पाहिलेत, पण त्यांना निदान मेमो तरी देता यायचा. दुसऱ्या आठवड्यात मी हात टेकले, घड्याळ घरी ठेवलं आणि त्याच्या नाकामागून चालायला लागलो.

आणि ते नाक नेमकं कुठे जाऊन रुतावं? मिशीवाल्याच्या फाटकाच्या खांबाला. तोच तो ड्रायव्हर, ज्याच्याशी माझं चार वर्षं बोलणं नव्हतं. त्याच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी शेवटची फेरी तीन मिनिटं उशिरा आली. सगळा डेपो केक घेऊन उभा होता, आणि मी रजिस्टरात लिहिलं, ‘तीन मिनिटे उशीर. कारण: अनावश्यक गप्पा.’ नोंद बरोबर होती. (आज लिहिली असती का, ते विचारू नकोस.) त्याने ती वाचली आणि केकला हात न लावता निघून गेला. आमची दारं सहा घरांच्या अंतरावर, पण आम्ही एकमेकांना ओळखेनासे झालो.

आता तुझा कुत्रा त्याच्या खांबाला नाक लावून अकरा मिनिटं उभा, आणि मी आभाळ बघत. तो आतून एकाच कुंडीला अकरा मिनिटं पाणी घालायचा. चार दिवसांत झाड मेलं. पाचव्या दिवशी तो रिकाम्या कुंडीला पाणी घालत होता. आठव्या दिवशी त्याने मनगटाकडे पाहिलं आणि रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “साडेसहाची आज चार मिनिटं लेट.”

मी म्हटलं, “कारण लिहा.”

“काय लिहू?”

“अनावश्यक हुंगणं.”

तो हसला नाही, पण मिशी हलली. दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर दोन खुर्च्या होत्या. तेव्हापासून आम्ही बसतो. तो बोलतो, मी ऐकतो, ठोंब्या हुंगतो. त्यानेच सांगितलं, त्या दिवशी प्रत्येक थांब्यावर रोजचे प्रवासी त्याचा हात हातात घेत होते. एका म्हातारीने तर दोन्ही हातांनी धरून ठेवला, सोडेचना. ती ही तीन मिनिटं. मी तेव्हा विचारलंच नव्हतं. ताई, मला फार वाईट वाटलं. चुकलो असं मी सरळ म्हणालो. तो म्हणाला, “जाऊ द्या हो, नोंद बरोबरच होती.” मी कुत्र्याला उगाचच बस म्हणालो. तो उभाच राहिला.

बाकी क्षेम. वडीलधाऱ्या बहिणीला शहाणपण कुठवर शिकवू? गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. ठोंब्याचं वजन दोन किलोंनी वाढलंय. गुरांचे डॉक्टर विचारत होते, बिस्किटं कोण देतं? कोणी नाही, असं मी सांगितलं. पण तुला लेखी खोटं लिहवत नाही. रोज पहाटे एकटाच झपझप जाऊन त्या खांबाच्या बुडाशी बिस्किटाचा चुरा मीच टाकून येत होतो. (डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं तेवढंच झालं.) तरी माझ्या चुऱ्याचे दोन किलो होत नाहीत. काल मिशीवाल्याने खिशातून रुमाल काढला, तर चुरा सांडला. मी पाहिलं, त्याने पाहिलं की मी पाहिलं.

ता. क. दुसरा. रविवारी दहाच्या गाडीने तू त्याला न्यायला येणार आहेस. लहानपणापासून तुझ्या गाड्या चुकतात आणि लहानपणापासून मी त्यावरून तुला बोलत आलोय. या रविवारची चुकव. त्यानंतरचीही चुकली तरी चालेल. कारण काय लिहायचं ते मी बघतो.